वर्गात वाचलेल्या मंगांवरची मतं कितपत खरी धरायची?

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुलाही बघता येईल. तू अकरावीत आहेस. गेल्या वर्षभरात तासाला, मागच्या बाकावर बसून, मांडीवर फोन ठेवून तू सात मंगा, म्हणजे जपानी चित्रकथांच्या, मालिका वाचल्यास. त्यावरून तुझी मतं झाली. 'फुलमेटल अल्केमिस्ट' सगळ्यांत भारी. 'डेथ नोट' अर्ध्यापर्यंत जबरदस्त, मग घसरते. 'वन पीस' पाणी घालून वाढवलीय. 'मॉन्स्टर' रटाळ, कोण कोण ते लक्षातच राहत नाही. 'वॅगाबाँड'मध्ये पुढे पुढे काही घडतच नाही. 'स्लॅम डंक' मस्त, पण शेवट गुंडाळला. 'अ सायलेंट व्हॉइस' रडकी. मित्रांना हे सांगितलंस तर ते म्हणाले, तुला मंगा कळतच नाही. म्हणून तू विचारतोयस की तुझी मतं चुकली आहेत का, आणि आता पुढे काय वाचावं.

मी शाळेच्या ग्रंथालयात १७ वर्षं काम करते. त्यातली १२ वर्षं कॉमिक्स आणि मंगाचं कपाट माझ्याकडे आहे. पुस्तक परत करताना मुलं टेबलापाशी उभी राहून मत सांगतात, आणि ते ऐकून घेणं हा माझ्या कामातला मला सगळ्यांत आवडणारा भाग आहे. इतकी वर्षं ऐकल्यावर एक सवय लागली. 'बोअर आहे' असं कुणी म्हणालं की मी 'का?' असं विचारत नाही. 'कधी वाचलंस आणि कुठे?' असं विचारते. उत्तर बऱ्याचदा तिथेच सापडतं.

तुझ्या सात मतांपैकी काही मतं त्या पुस्तकांबद्दलची आहेत आणि काही त्या तासाबद्दलची. तू दोन्ही एकाच पिशवीत भरलीयस. ती वेगळी केली की चूक-बरोबरचा प्रश्न बराचसा सुटतो.

सगळं सरसकट सांगता येणार नाही, कारण बरंच काही तुझ्या परिस्थितीवर आहे. ज्या तासाला लिहून घ्यावं लागतं आणि ज्या तासाला नुसतं ऐकायचं असतं, त्यातलं वाचन सारखं नसतं. छापील खंड आणि फोन यांतही मोठा फरक आहे. एक मालिका सलग आठवडाभर वाचलीस की सातही मालिका आलटून पालटून, हे तू लिहिलेलं नाहीस. 'मॉन्स्टर'बद्दलचं तुझं मत बघता आलटून पालटून वाचल्या असाव्यास असं मला वाटतं.

वर्गात वाचताना डोळ्यांचं काय होतं ते बघ. दर थोड्या वेळाने मान वर जाते. फळ्याकडे, बाईंकडे, शेजाऱ्याकडे. मान परत खाली आली की डोळ्याला टेकायला जागा लागते. संवादाची अक्षरं असलेला फुगा ती जागा लगेच देतो: इथपर्यंत वाचलं होतं, आता पुढचं वाक्य. बिनशब्दांच्या चित्रात अशी जागा नसते. एखाद्या चौकटीत नुसता पाऊस पडतोय, किंवा कुणाचा तरी पाठमोरा खांदा दिसतोय, तर ही चौकट बघून झाली होती की राहिली होती, हे डोळ्याला आठवत नाही. मग तो सरळ पुढच्या फुग्यावर उडी मारतो. एका तासात अशा कितीतरी उड्या होतात, आणि शेवटी तू त्या मंगातले फक्त संवाद वाचलेले असतात.

हे मी मुलांकडून तपासून घेते. चॅप्टर संपला की पुस्तक मिटायला लावते आणि विचारते, 'हे सगळं कुठे घडलं? दिवस होता की रात्र? खोलीत आणखी कोण होतं?' तासाला वाचून आलेली मुलं कोण काय बोललं ते धडाधडा सांगतात, जागा विचारली की गप्प होतात. तीच मुलं मधल्या सुट्टीत खिडकीपाशी बसून वाचतात तेव्हा जागाही सांगतात आणि पाऊस होता हेही सांगतात. बुद्धीचा यात काही संबंध नाही.

यावर तू म्हणशील की मंगा मुळात अशा तुटक वाचनासाठीच तर असते. अर्धं बरोबर आहे. 'शोनेन जंप' हे मंगांचं जपानी साप्ताहिक १९६८ सालापासून निघतंय आणि १९९०च्या दशकाच्या मध्यात त्याच्या एका अंकाच्या ६५ लाखांहून जास्त प्रती खपत होत्या. स्वस्त, खरखरीत कागद, एका मालिकेची साधारण १९ पानं, वाचून झाला की अंक टाकून द्यायचा. लोक तो गाडीत उभ्याउभ्या वाचत. अंकात एक पोस्टकार्ड असे, त्यावर वाचकाने आवडत्या तीन मालिका निवडून पाठवायच्या, आणि ज्या मालिका सतत मागे पडत त्या बंद होत. त्यामुळे दर आठवड्याच्या १९ पानांत वाचकाला पकडायचं आणि शेवटच्या चौकटीत अडकवून ठेवायचं, हे कसब तिथे घासून घासून तयार झालं. शेजारी गोंधळ चालू असतानाही ही पानं वाचता येतात, कारण ती तशीच वाचली जाणार हे काढणाऱ्याला ठाऊक असतं.

पण यावरून साप्ताहिकातली मालिका वर्गात चालते आणि बाकीची चालत नाही, असा नियम मात्र काढू नकोस. 'स्लॅम डंक' त्याच साप्ताहिकातली आहे आणि तुझ्या यादीत वर्गाने सगळ्यांत जास्त नुकसान केलंय ते तिचंच. (ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांनी पुढचे तीन परिच्छेद सोडून द्या, शेवट सांगणार आहे.)

ताकेहिको इनोउए यांची ही बास्केटबॉलवरची मालिका १९९० ते १९९६ अशी चालली, ३१ खंड. शेवटचा मोठा सामना सान्नो या शाळेच्या संघाविरुद्धचा. त्याच्या अखेरच्या क्षणांत इनोउए संवाद काढून घेतात. आवाजाचे शब्दही काढून घेतात. एरवी बास्केटबॉलच्या पानांवर चेंडू आपटल्याचे, बूट घासल्याचे मोठमोठे शब्द असतात, ते सगळे जातात आणि उरतात चेहरे, घड्याळ, चेंडू, हात. या सगळ्या शांततेत नायक साकुरागी एकच वाक्य पुटपुटतो: डावा हात फक्त आधाराला. हे वाक्य कुठून आलं ते आठव. शिबिराच्या दिवसांत २०,००० शॉट मारून त्याने हेच तर अंगात मुरवलेलं असतं. पहिल्या खंडात ज्याला चेंडू कसा धरायचा ते कळत नव्हतं, तो मुलगा इथे गाजावाजा न करता, ठरलेल्या जागी उभा आहे.

गेल्या वर्षी एक मुलगा हा ३१वा खंड परत करायला आला आणि अगदी तुझेच शब्द बोलला: शेवट गुंडाळला. मी त्याला टेबलापाशी बसवलं, ती पानं उघडली आणि सांगितलं की प्रत्येक चौकटीत काय दिसतंय ते मोठ्याने म्हण, एकही सोडायची नाही. तो म्हणू लागला. घड्याळ. याचा चेहरा. त्याचा चेहरा. चेंडू. ज्या पानांना वर्गात त्याला मिनिटही लागलं नसेल, त्यांना दहाएक मिनिटं लागली. साकुरागी आणि त्याच्याच संघातला रुकावा एकमेकांना टाळी देतात त्या जोडपानाच्या (समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून एकच चित्र) थोडं आधी तो बोलायचा थांबला आणि काही पानं मागे गेला. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, 'हा तिथे आधीपासूनच उभा होता. मला दिसलाच नव्हता.' साकुरागीबद्दल बोलत होता तो. रुकावाला जे दिसायला इतके खंड लागले, ते या मुलालाही त्याच क्षणी दिसलं. हे सांगताना मला आजही बरं वाटतं.

तरी तुझं मत पूर्ण खोडून काढत नाही. त्या सामन्यानंतर पुढच्या फेरीत शोहोकूचा, म्हणजे साकुरागीच्या संघाचा, दणदणीत पराभव झाला हे आपल्याला फक्त निवेदनातून कळतं, सामना दिसतच नाही. हे अनेकांना खटकतं, नीट वाचणाऱ्यांनाही. 'मला पुढचा सामना बघायचा होता' हे मत पुस्तकाबद्दलचं आहे, ते तू खुशाल ठेव. मला स्वतःला तो न दाखवणं योग्य वाटतं. सगळी ताकद एका सामन्यात ओतल्यावर पुढचा सामना दाखवण्यासारखं काही उरत नाही. पण 'गुंडाळला' हा शब्द त्या शेवटच्या पानांना लावत असशील, तर ती पानं तू अजून वाचलेली नाहीस असं मी म्हणेन.

'वॅगाबाँड'ही इनोउएंचीच. एइजी योशिकावा यांच्या मियामोतो मुसाशी या तलवारबाजावरच्या कादंबरीवर आधारलेली. १९९८ साली 'मॉर्निंग' या मोठ्यांच्या साप्ताहिकात सुरू झाली, ३७ खंड झाले आणि २०१५ सालापासून थांबलेलीच आहे. माझ्याकडे ती वरच्या फळीवर असते, रक्तपात बराच आहे म्हणून. पण तुझी अडचण रक्ताची नाही, 'काही घडत नाही' ही आहे. इथे दोन गोष्टी लक्षात घे. मालिका पुढे सरकते तसे इनोउए पेनाच्या टोकावरून ब्रशवर येतात. गवत, पाणी, केस, कपड्याची चुणी, सगळं ब्रशच्या एकेका ओढीत. फोनच्या पडद्यावर ती ओढ काड्यापेटीएवढ्या जागेत मावते, म्हणजे मावतच नाही. आणि दुसरं म्हणजे मुसाशीचा प्रतिस्पर्धी कोजिरो. मूळ कादंबरीतला सासाकी कोजिरो ऐकू शकतो, इनोउएंनी त्याला बहिरा केलाय. त्याच्या वाट्याचे खंड त्यामुळे त्याच्यासारखेच आहेत: माणसं तोंड हलवतात आणि त्याला दिसतो तो फक्त त्यांच्या अंगाचा तोल, पाऊल कुठे पडणार ते, तलवार कुठून येणार ते. ही पानं फुग्यांवरून उड्या मारत वाचली तर खरोखरच काही घडत नाही. जे घडतं ते सगळं फुग्यांच्या बाहेर घडतं.

पुढे मुसाशी तलवार बाजूला ठेवून जमीन कसायला लागतो तो भाग तुला सगळ्यांत जास्त कंटाळवाणा वाटला असणार. पोरंच काय, मोठी माणसंही तिथे पुस्तक ठेवतात. ज्या माणसाने तलवारीने भल्याभल्यांना हरवलं त्याच्यापुढे इथे माती आणि पाणी आहे, आणि त्यांच्याशी लढता येत नाही. मला तो भाग फार प्रिय आहे. तुला आवडेलच असं नाही. संथ आहे हे खरंय आणि संथपणा न आवडणं हा काही गुन्हा नाही.

'मॉन्स्टर'चं दुखणं वेगळं आहे. तिथे फुगे भरपूर आहेत, चित्रंही स्वच्छ आहेत, नाओकी उरासावांच्या पानात डोळा अडखळत नाही. अडचण आठवणीची आहे. ही मालिका १९९४ ते २००१ या काळात, महिन्यातून दोनदा निघणाऱ्या 'बिग कॉमिक ओरिजिनल'मध्ये आली, १८ खंड. उरासावा एखादा माणूस आणतात, दोन चॅप्टर त्याचं घर, त्याची बायको, त्याचं जुनं पाप दाखवतात, आणि तो निघून जातो. पुढे कधीतरी दुसऱ्याच गावात तो दारात उभा राहतो, आणि तो कोण हे तुला आठवलं तरच अंगावर काटा येतो. तुझ्यासारखं आज दहा मिनिटं, परवा पंधरा मिनिटं, मध्ये दुसरी मालिका असं वाचलं तर दारात उभा असलेला प्रत्येक जण अनोळखीच. मग रटाळ वाटणार नाही तर काय? यावर माझा उपाय साधा आहे: एका बैठकीत निदान एक खंड. त्यात पुष्कळ चॅप्टर असे आहेत की नायक डॉक्टर तेनमा कडेला असतो आणि गोष्ट दुसऱ्याच कुणाची असते. ते एका दमात वाचले की एकेक छोटी कथा वाचल्यासारखे लागतात.

'अ सायलेंट व्हॉइस'ला तू एका शब्दात निकालात काढलंस, त्याचं मला खरोखर वाईट वाटलं. योशितोकी ओइमा यांचे सातच खंड आहेत, २०१३-१४ साली आलेले. शोको या मुलीला ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते, आणि ते हात नीट काढलेले आहेत, प्रत्येक खूण. तिच्या जुन्या वर्गातल्या शोयाला लोकांच्या डोळ्यांत बघता येत नाही, म्हणून त्याच्या भोवतीच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवर मोठी फुली मारलेली आहे. कुणाशी गट्टी जमली की त्या चेहऱ्यावरची फुली गळून पडते. कुणी बोलून दाखवत नाही की आता मला तू मित्र वाटतोस. फुली पडते, बस. तू फुगे वाचलेस. फुग्यांत राहतं ते रडणं, माफी मागणं, पुन्हा रडणं. तेवढंच हाती लागलं तर गोष्ट रडकी वाटणारच.

एक जागा सांगते. शोको आपल्या तोंडाने, हातांची मदत न घेता, शोयाला सांगते की तू मला आवडतोस. जपानीत त्याला 'सुकी' म्हणतात. तिचा उच्चार स्पष्ट नसल्याने त्याला 'त्सुकी' ऐकू येतं, म्हणजे चंद्र. तो वर आकाशात बघतो आणि म्हणतो, हो, छान आहे. भाषांतरात हे निसटू शकतं, म्हणून मुद्दाम लिहिलं. तो भाग पुन्हा काढून शोकोचा चेहरा बघ.

आता उरलेल्या तीन मालिका, ज्यांच्याबद्दलची तुझी मतं बरीचशी टिकतात.

'डेथ नोट'बद्दल तू म्हणतोस ते लाखो वाचकांनी म्हटलेलं आहे, पूर्ण लक्ष देऊन वाचूनही. सातव्या खंडानंतर मालिकेचा तोल बदलतो. समोरासमोरची जी जोडी होती तिची जागा भरून निघत नाही. त्सुगुमी ओबा लेखक, ताकेशी ओबाता चित्रकार. मजकूर इतका गच्च आहे की कुठेही तुटला तरी धागा परत सापडतो. डावपेच सगळे बोलण्यात आणि विचारांच्या फुग्यांत आहेत. वर्गात ती वाचून तुझं फारसं बिघडलं नाही. फक्त ओबाताचे चेहरे राहिले असतील, ते सवडीने बघ.

'वन पीस' लांबलीय का? लांबलीय. एइइचिरो ओदा १९९७ सालापासून काढतायत आणि १००वा खंड २०२१ सालीच आला. पण 'पाणी घातलंय' म्हणण्याआधी एक गोष्ट तपास. तू चॅप्टरचं पहिलं पान, शीर्षकाचं, बघतोस की अंगठ्याने सरकवतोस? ओदा त्या पानांवर एक वेगळीच गोष्ट चालवतात, एका चॅप्टरला एक चित्र. मुख्य कथेतून बाहेर पडलेल्या माणसांचं पुढे काय झालं ते तिथे कळतं, आणि ती माणसं नंतर मुख्य कथेत परततात. पानं सरकवणाऱ्याला ती एकदम कुठून उगवली असं वाटतं. ही पानं बघूनही तुला ती ताणलेलीच वाटली तर ते तुझं पक्कं मत. माझंही काही भागांबद्दल तेच आहे, विशेषतः लढाया जिथे एकाच वेळी पाच ठिकाणी चालू असतात तिथे.

'फुलमेटल अल्केमिस्ट'बद्दल थोडं जास्त बोलते, कारण कौतुकही तपासावं लागतं. ही मालिका आणि 'डेथ नोट' दोन्ही १०८ चॅप्टरच्या. 'डेथ नोट' १२ खंडांत मावली, 'फुलमेटल'ला २७ लागले. कारण 'फुलमेटल' मासिकात येत होती, २००१ ते २०१०, आणि मासिकातला चॅप्टर साप्ताहिकातल्या चॅप्टरच्या दुप्पट किंवा त्याहून मोठा असतो. म्हणजे तुझ्या एका तासाला साधारण एक चॅप्टर, सुरुवात-मध्य-शेवट असलेला, पुरा होत असणार. तिची तुझ्यावर पकड बसली त्यात या योगायोगाचा वाटा आहे. पण सगळं श्रेय योगायोगाला देऊ नये. हिरोमू आराकावांची चित्रं कमालीची स्पष्ट आहेत. मारामारीत कोण कुठे उभं आहे, दार कोणत्या बाजूला आहे, धातूचा हात कुठला आणि खरा कुठला, हे मान वर करून खाली आणली तरी पटकन कळतं. ते अवघड काम आहे आणि तेही मोठं कौशल्य आहे. तुझं मत मला मान्य आहे. एवढंच म्हणेन की 'सगळ्यांत भारी' हे तू ठरवलंस तेव्हा बाकीच्यांना ती संधीच मिळालेली नव्हती.

थोडक्यात, आत्तापर्यंतचा हिशेब असा: 'डेथ नोट', 'वन पीस' आणि 'फुलमेटल'वरची मतं ठेव. 'स्लॅम डंक'वरचं अर्धं ठेव. 'मॉन्स्टर', 'वॅगाबाँड' आणि 'सायलेंट व्हॉइस'वर सध्या मत नाही असं धर.

फोनबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगते, कारण दोष पुष्कळदा तिथेही असतो. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे उलगडतं. समोर दोन पानं असतात. डाव्या पानाची खालची, अगदी शेवटची चौकट ही उंबऱ्यासारखी असते: कुणीतरी मागे वळतंय, दार किलकिलं होतंय. पान उलटलं की उत्तर. जपानीत पान उलटण्याच्या या क्षणाला 'मेकुरी' म्हणतात आणि चित्रकार चॅप्टरचा कच्चा आराखडा करतानाच तो कुठे येणार ते ठरवतात. फोनवर एकेक पान सरकतं, म्हणजे सगळीच पानं उंबरे झाली, आणि जोडपान मधून कापलं जातं. फोनच वापरायचा असेल तर तो आडवा धर, जोडपान एकत्र येईल असं बघ, आणि अधिकृत ठिकाणी वाच. 'शोनेन जंप' काढणाऱ्या शुएइशा या प्रकाशनाचं मंगा प्लस हे अ‍ॅप २०१९ सालापासून आहे. चोरून चढवलेल्या प्रतींत पानांचा क्रम बिघडलेला, आवाजांचे शब्द पुसलेले, भाषांतर घाईचं असं बरंच असतं. जपानी मंगात शांततेलाही आवाजाचा शब्द आहे, 'शीऽऽन'. खोली एकदम गप्प झाली की तो चित्रात मोठ्या अक्षरांत लिहितात. असला शब्द पुसला गेला की ती गप्प झालेली खोलीच नाहीशी होते.

आता वर्गाचं. ग्रंथालयाचा तास मी घेते, त्यामुळे फळ्याच्या बाजूने दिसतं ते मला माहीत आहे. मांडीवरचा फोन दिसत नाही, चेहरा दिसतो. शिकवणं चालू आहे एका गोष्टीचं आणि एक चेहरा भलत्याच क्षणी हसतो किंवा दचकतो. बहुतेक शिक्षकांना हे कळतं, काही जण बोलतात, काही जण बोलत नाहीत. जे बोलत नाहीत त्यांना वाईट वाटत नाही असं नसतं. समजावून सांगताना समोरचा सोबत आहे या भरवशावर माणूस पुढचं वाक्य उच्चारतो. तेव्हा वर्गात वाच असं मी तुला कधीच म्हणणार नाही. तू ते लगेच सोडशील असंही समजत नाही. पण स्वतःच्या फायद्याचं बघितलंस तरी या व्यवहारात तुझा तास जातो आणि 'वॅगाबाँड'ही जाते. मधली सुट्टी, प्रवास, झोपायच्या आधीचा अर्धा तास, यांत तुझी मंगा सहज बसेल. ज्या मालिकेची तुला खरंच उत्सुकता आहे ती तरी तासाला उघडू नकोस.

पुढे काय वाचायचं याची लांब यादी देत नाही. तुकड्यातुकड्यानेच वेळ मिळत असेल तर कियोहिको आझुमा यांची 'योत्सुबा' घे. पाच वर्षांची मुलगी, तिचे बाबा, शेजारच्या तिघी बहिणी, आणि एका चॅप्टरमध्ये एखादी छोटीशी गोष्ट, जशी ती त्या मुलीला दिसते तशी. कुठूनही उचलली तरी चालते. उरासावांना दुसरी संधी द्यायची असेल पण १८ खंडांची धास्ती वाटत असेल तर 'प्लूटो' वाच, आठच खंड आहेत. ओसामू तेझुका यांच्या 'अ‍ॅस्ट्रो बॉय'मधल्या एका प्रकरणावरून उरासावांनी ती नव्याने रचली. आणि डोळ्यांना सवय लावायची असेल तर जिरो तानिगुची यांचं 'द वॉकिंग मॅन'. एक माणूस चालायला निघतो. बोलणं जवळपास नाहीच. झाडावर चढतो, पावसात भिजतो, सोबत कुत्रा असतो. हे पुस्तक वर्गात वाचताच येत नाही, दोन मिनिटांत संपतं आणि हाती काही लागत नाही. खिडकीपाशी बसून वाचलं तर दुपार पुरत नाही.

पण त्याआधी एक काम कर. 'स्लॅम डंक'चा ३१वा खंड छापील मिळव. सुट्टीच्या दिवशी फोन दुसऱ्या खोलीत ठेव, आणि त्या मुलाने केलं तसं कर: सामना संपेपर्यंत प्रत्येक चौकटीत काय दिसतंय ते मोठ्याने म्हण. कुणी ऐकत नसलं तरी चालेल. कुठल्या पानावर थांबून मागे जावंसं वाटलं ते मला कळव, आणि कुठेच वाटलं नाही तर तेही कळव. तसं झालं तर 'गुंडाळला' हे तुझं मत मी तुझं म्हणूनच धरेन, आणि मित्रांनाही तू ते ठणकावून सांग.